उंची दीडशे सेंटीमीटर, वजन सात आठवडे जागेवर

६६ वरून ६१ किलोपर्यंत वजन पाच महिन्यांत उतरलं आणि मग काटा हलेचना. सात आठवडे तिथेच. खाणं तेच, चालणं तेच, वहीत रोजची बेरीज १२०० कॅलरीच्या आसपास. कमी उंचीच्या बायकांच्या बाबतीत हे हमखास होतं आणि त्यावरचे सल्लेही ठरलेले असतात: भात सोडा, रात्री जेवू नका, थायरॉइड बघा. रक्ततपासणी सोडली तर यातलं काहीच न करता मी आधी मोजायचं ठरवलं. पुढच्या सव्वीस आठवड्यांत काय मोजलं, कसं मोजलं आणि कुठे चुकलं, ते लिहिते आहे. (कॅलरी म्हणजे इथे पाकिटावर छापतात ती किलोकॅलरी.)

तपासणीचं आधी. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज), हिमोग्लोबिन आणि बी-१२ जीवनसत्त्व एवढं करून घेतलं. थायरॉइड कमी असेल तर औषध घ्यायलाच हवं, पण त्यामुळे वाढणारं वजन साधारण दोन ते साडेचार किलो असतं आणि त्यातही मोठा वाटा अंगात साठलेल्या पाण्या-मिठाचा असतो. त्यामुळे टीएसएच ठीक आलं की ‘मग वजन का उतरत नाही’ हा प्रश्न स्वयंपाकघरात परत येतो. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील, मूल अंगावर पीत असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा पूर्वी कधी खाण्याचा आजार झाला असेल, तर पुढचं काहीही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये.

त्याआधी एका ठिकाणी आहाराचा छापील तक्ता मिळाला होता. त्यावर नाव, वय, वजन, सगळे रकाने होते. उंचीचा नव्हता. माझं निम्मं कोडं त्या नसलेल्या रकान्यातच होतं.

विश्रांतीत शरीर किती कॅलरी खर्च करतं हे काढायला १९९० साली आलेलं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र सगळ्यात जास्त वापरलं जातं. बायकांसाठी ते असं: किलोतलं वजन गुणिले १०, अधिक सेंटीमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१. माझी उंची १५० सेंटीमीटर, म्हणजे चार फूट अकरा इंच, वय ४३, वजन ६१. म्हणून ६१० अधिक ९३७.५, वजा २१५, वजा १६१. उत्तर ११७१. बैठं काम असेल तर याला १.२ नं गुणायचं: १४०६. दिवसभराचा माझा खर्च एवढाच.

आता शेजारची १६६ सेंटीमीटर उंचीची बाई घ्या. वय तेच, आणि उंचीच्या मानानं माझ्याइतकीच जाड, म्हणजे साधारण ७५ किलो. तिचं उत्तर येतं १६९४. दोघी एकाच ताटात जेवलो आणि दोघींनी दिवसाला १४५० कॅलरी खाल्ल्या, तर ती रोज अडीचशेच्या जवळपास तुटीत राहते, म्हणजे खर्चापेक्षा तेवढं कमी खाते, आणि महिन्याला जवळपास एक किलो उतरते. मी मात्र चाळीसेक कॅलरी वरच राहते. दोघींचा निर्धार सारखाच आहे, स्वयंपाकही सारखाच आहे.

आयसीएमआर-एनआयएननं, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेनं, २०२० मध्ये बैठं काम करणाऱ्या भारतीय बाईसाठी १६६० कॅलरी हा आकडा दिला आहे. तो आकडा ज्या ‘प्रमाण’ बाईसाठी आहे ती १६२ सेंटीमीटर उंच आणि ५५ किलो वजनाची आहे. माझ्या आजूबाजूला, आमच्या पिढीत तरी, तेवढ्या उंचीच्या बायका थोड्याच. आकडा चुकीचा नाही, पण तो आपला नाही हे कळल्याशिवाय त्यातून दोनशे वजा करायला जाऊ नये.

उंची भिंतीला टेकून, अनवाणी, सकाळी मोजली. दीडशे की एकशे त्रेपन्न यावर फार डोकं लावू नका. तीन सेंटीमीटरनं उत्तरात एकोणीसच कॅलरींचा फरक पडतो. खरी चूक होते ती पुढच्या गुणाकारात. अ‍ॅप विचारतं, तुम्ही ‘बैठ्या’ आहात की ‘थोड्या हालचालीच्या’? घरचं सगळं आवरून, बसला लटकून ऑफिसला जाणारी कोणती बाई स्वतःला बैठी म्हणेल? ती ‘थोडी हालचाल’ निवडते आणि गुणक १.२ चा १.३७५ होतो. माझ्या बाबतीत एवढ्यानं २०५ कॅलरी वाढल्या. महिनाभर जी तूट सांभाळायची, ती सगळी एका बोटानं गेली. म्हणून गुणक १.२ च ठेवायचा आणि चालणं वेगळं मोजायचं. शिवाय सूत्राचं उत्तर दहा टक्के इकडेतिकडे असू शकतं. माझ्या आकड्यावर दहा टक्के म्हणजे ११७. त्यामुळे ही फक्त सुरुवात. खरा आकडा आपलाच वजनकाटा आणि आपलीच वही सांगणार.

पहिले दोन आठवडे खाण्यात काहीही बदललं नाही. फक्त वजन करून लिहिलं. यासाठी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकाचा काटा लागतो. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत भांड्यांच्या आणि घरगुती सामानाच्या दुकानांत असे काटे मिळतात. ५ आणि १५ मिलिलीटरच्या मापाच्या चमच्यांचा संचही घ्यावा. घरातला चमचा माप म्हणून वापरायचा असेल तर आधी तो तपासा: काट्यावर वाटी ठेवून शून्य करा, चमचाभर पाणी वाटीत ओता. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलीटर. माझ्या डब्यातला ‘लहान चमचा’ सात मिलिलीटरचा निघाला. वर्षभर मी त्याला पाच समजत होते.

फुलक्याचं वजन भाजल्यावर करू नये, कारण भाजताना पाणी उडतं आणि ते दर वेळी वेगळं उडतं. कणीक मळतानाच मोजायची. १०० ग्रॅम पीठ आणि ६० ग्रॅम पाणी, म्हणजे १६० ग्रॅमचा गोळा. त्यातली ४० ग्रॅमची लाटी घेतली तर तिच्यात पीठ २५ ग्रॅम, म्हणजे ८० ते ८५ कॅलरी. आठवडाभर प्रत्येक लाटी काट्यावर ठेवली की हात बसतो, पुढे ठेवावी लागत नाही. ज्वारीच्या भाकरीला मी पीठच मोजते: ६० ग्रॅम, सुमारे २०० कॅलरी. भात कच्चा मोजणं उत्तम. शिजलेला मोजायचा तर शंभर ग्रॅमला १३० धरावेत, पण मोकळ्या भातात आणि मऊ गुरगुट्या भातात पाण्याचा बराच फरक असतो.

भाजीत मात्र मन लावून पाहावं लागतं. एका दुपारची भेंडीची भाजी सांगते. चिरलेली भेंडी ५०० ग्रॅम. तेलाची बाटली फोडणीआधी आणि फोडणीनंतर काट्यावर ठेवली. फरक ३६ ग्रॅम. सवयीची दोन पळ्या फोडणी, घरात कुणी तिला तेलकट म्हणत नाही. परतून भाजी झाली ३८० ग्रॅम, पाणी उडालं, तेल तेवढंच राहिलं. माझ्या वाटीत शंभर ग्रॅम आली, म्हणजे तेल साडेनऊ ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणून ८५. आणि त्या वाटीतली भेंडी? चाळीसच्या आत. जिला आपण वहीत ‘एक वाटी भाजी, ५० कॅलरी’ लिहितो ती सव्वाशेची होती आणि दिवसात अशा दोन वाट्या होतात.

रोज एवढं करायला वेळ नसेल तर बाटलीचा हिशेब सोपा पडतो. नवी पिशवी फोडली की बाटलीवर तारीख टाकायची, संपली की दिवस मोजायचे. लिटरच्या पिशवीत ९१० ग्रॅम तेल असतं. आमच्या चौघांत ती नऊ दिवस पुरत होती. माणशी दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे २२५ कॅलरी. २०२४ च्या एनआयएनच्या आहार-मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या ताटाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम दिलं आहे. माझं ताट त्याच्या तीन चतुर्थांशही नाही, आणि तूप तर अजून धरलंच नव्हतं.

चौदा दिवसांची सरासरी आली १४५०. वहीत मी लिहीत होते १२१०. मधल्या २४० पैकी १४० च्या वर एकट्या तेलाचे. कूट आणि ओलं खोबरं ४५: शेंगदाण्याचं कूट ‘चवीपुरतं’ घालताना एक मोठा चमचा पडतो, तो आठ-दहा ग्रॅमचा, म्हणजे पन्नासेक कॅलरी. चहातलं म्हशीचं दूध मी गाईच्या दुधाच्या हिशेबानं धरत होते, त्याचे ३०. उरलेलं पातेलं पुसून खाणं, चव बघणं, डबा भरताना तोंडात गेलेला चकलीचा तुकडा. खर्चाच्या बाजूला १४०६ आणि आठवड्यातून पाच दिवसांच्या चालण्याची रोजची सरासरी ५०-५५. बेरीज १४६०. खाल्लं १४५०, खर्च १४६०. वजन सात आठवडे हललं नाही यात शरीराची काही गूढ खोड नव्हती.

हे लिहिताना कुणाला खोटं पाडण्याचा हेतू नाही. १९९२ साली अमेरिकेत, ‘आम्ही १२०० च्या खाली खातो तरी उतरत नाही’ म्हणणाऱ्या माणसांचं खाणं आणि खर्च शास्त्रीय पद्धतीनं मोजला गेला. त्यांनी सांगितलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी निघालं, आणि हालचाल ५१ टक्के जास्त सांगितलेली निघाली. त्यांचा चयापचय नेहमीसारखाच होता. ही माणसं लबाड नव्हती. पळीत किती तेल मावतं हे डोळ्यांना दिसत नाही, एवढंच. उंच, अंगानं मोठ्या माणसाची अशी दीडशे कॅलरींची चूक पोटात जाते. आपल्याला तेवढी जागाच नाही.

मग खाणं किती ठेवायचं? मी १२५० ठरवलं आणि त्याखाली जायचं नाही असंही ठरवलं. हजार कॅलरींवर आणणारे तक्ते सर्रास दिले जातात. त्यानं वजन वेगानं उतरतं हे खरं, पण तेवढ्या खाण्यात लोह, कॅल्शियम आणि प्रथिनं बसवणं फार अवघड. चरबीबरोबर स्नायू जातात, दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात, झपाट्यानं उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. आणि माणूस नकळत हालचाल कमी करतं: उठून पाणी आणायचं ते मुलाला सांगतं, जिना सोडून लिफ्ट घेतं. तूट तिथेच भरून निघते. शरीर ‘उपासमारीच्या अवस्थेत’ जाऊन वजन उतरणं बंदच करतं, हे मात्र खरं नाही. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात ३६ तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास झाला, त्यांचा खर्च कमी झाला, पण वजन उतरत राहिलं. कमी खाण्याला माझा विरोध आहे तो त्यात बाईचं अंग झिजतं म्हणून.

१४५० वरून १२५० वर यायला पोळी-भात कमी केला नाही. पहिलं तेल २५ ग्रॅमवरून १४ वर आणलं, तिथेच शंभर कॅलरी गेल्या. पळी ओट्यावरून उचलून ठेवली आणि फोडणी मापाच्या चमच्यानं सुरू केली. कमी तेलात मोहरी तडतडत नाही, करपते, ही पहिली अडचण. त्यावर छोटं लोखंडी कढलं घ्यायचं आणि ते तिरकं धरायचं. दोन चमचे तेल एका कोपऱ्यात जमतं आणि मोहरी त्यात बुडते. हिंग-हळद गॅस बंद केल्यावर. फळभाज्या झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजतात. भेंडीला ते चालत नाही, चिकट होते. तिला जाड बुडाचा तवा, मोठी आच आणि शेवटी आमसूल. वांगं तेल पितं, म्हणून आधी भाजून घ्यायचं. भरल्या वांग्यात कूट निम्मं करून उरलेल्या जागी भाजलेले तीळ घातले, आणि तिथे चुकलं: तिळाच्या कॅलरी दाण्यांच्याच जवळपास. शेवटी कांदा भाजून वाटून घातला तेव्हा दाटपणाही आला आणि आकडाही उतरला.

दुसरं, प्रथिनं. मोजल्यावर माझी ४२ ग्रॅमच निघाली होती. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर किलोमागे किमान १ ग्रॅम, जमल्यास १.२ पर्यंत, म्हणजे ६१ ते ७३. पोळी-भाजी-आमटीच्या ताटात ते आपोआप येत नाहीत. माझा साधारण दिवस असा बसला. सकाळी दोन अंडी, नाहीतर ५० ग्रॅम मूगडाळीची धिरडी: १२ ग्रॅम. दुपारी ५० ग्रॅम कणकेचे दोन फुलके, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ आणि १५० ग्रॅम दही: मिळून १९. संध्याकाळी सोयाच्या २५ ग्रॅम वड्या, मिठाच्या पाण्यात उकळून, घट्ट पिळून, आलं-लसणावर परतलेल्या: १३. रात्री ६० ग्रॅम पिठाची भाकरी आणि ४० ग्रॅम डाळीची घट्ट आमटी: १५. दिवसभराच्या चहाचं आणि रात्रीचं मिळून २०० मिली टोन्ड दूध: ६. बेरीज ६५, आणि तेल, भाजी, कोशिंबीर धरून साडेबाराशेच्या आसपास. पेरू किंवा सफरचंद खाल्लं की भाकरी पाऊण. आमटी पातळ केली तर वाटी तीच दिसते आणि डाळ १५ ग्रॅमवर येते. प्रथिनं पळतात ती तिथून. सोयाच्या वड्या नीट पिळल्या नाहीत तर उग्र वास राहतो आणि दुसऱ्या दिवसापासून नकोशा होतात. पोट फुगत असेल तर मटकी मोड आणून आणि पूर्ण शिजवून घ्या. कमी पडतं ते शिजणं.

तूट झाली दिवसाला २१०. एक किलो चरबीत ७७०० कॅलरी धरतात, म्हणजे आठवड्याला १९० ग्रॅम. हा आकडा सगळ्यांत आधी डोक्यात पक्का करा. आठवड्याला अर्धा किलो हे जे सगळीकडे लिहिलेलं असतं, त्याला रोज साडेपाचशेची तूट लागते. १४६० मधून साडेपाचशे काढले तर उरतात ९१०. आपल्या उंचीला तो वेग झेपणारा नाही.

आणि १९० ग्रॅम वजनकाट्यावर दिसत नाहीत. रात्री पापड-लोणचं झालं, पावभाजी झाली, पोट साफ झालं नाही, की सकाळी ७००-८०० ग्रॅम वर. पाळीआधीच्या आठवड्यात एक-दीड किलो पाणी सहज धरलं जातं. स्नायूंत आणि यकृतात साठलेल्या एक ग्रॅम साखरेबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं, म्हणून उपासाच्या दुसऱ्या दिवशी वजन खाली आणि लग्नाच्या जेवणानंतर वर. दोन्ही फसवं.

म्हणून वजन रोज घेतलं, पण पाहिली ती सात दिवसांची सरासरी. शौचाहून आल्यावर, चहाआधी, काटा फरशीवर त्याच जागी. चटईवर ठेवला तर चुकतो. दुसऱ्या आठवड्याची सरासरी ६१.१ होती. तिसऱ्याची ६०.९. चौथ्याची ६१.०. पाचव्याची ६१.५. म्हणजे मापून तेल घालून, वड्या पिळून तीन आठवडे झाले आणि वजन ४०० ग्रॅम वर! बहुतेक जणी इथेच सोडतात किंवा रात्रीचं जेवण बंद करतात. तो पाळीआधीचा आठवडा होता. सहाव्याची सरासरी आली ६०.३. दुसरा आणि सहावा आठवडा पाळीच्या चक्रात एकाच जागी येतात. त्या दोघांतला फरक ८०० ग्रॅम, हिशेबात यायला हवे होते सुमारे ७६०. चार आठवड्यांच्या आत, तेही चक्रातला तोच आठवडा शेजारी ठेवल्याशिवाय, वजन थांबलं की नाही ते सांगताच येत नाही. चाळिशीत पाळी पुढेमागे व्हायला लागली असेल तर सहा आठवडे थांबा. रोज काट्यावर उभं राहिल्यानं जीव खालीवर होत असेल तर फक्त टेपवर भागवा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, दोन आठवड्यांतून एकदा. भारतीय बायकांना ८० सेंटीमीटर ही मर्यादा आहे. माझी ८८ होती.

चालण्याचं थोडक्यात. सपाटीवर एक किलोमीटर चालायला, बसून राहण्यापेक्षा जास्तीच्या, अंगाच्या वजनाच्या किलोमागे अर्ध्या कॅलरीच्या आसपास लागतात. ६१ किलोला किलोमीटरमागे तीस. कमी उंचीचं पाऊलही लहान: माझं ६२ सेंटीमीटर. दहा हजार पावलं म्हणजे माझे सहा किलोमीटर, उंच मैत्रिणीचे जवळपास सात. फोनमध्ये उंची भरलेली नसेल तर तो तिचेच मला देतो. मी रोज साडेतीन हजार पावलं वाढवली, तळजाईच्या टेकडीवर सकाळी आणि दुपारच्या जेवणानंतर दहा मिनिटं. त्याचे साठ-पासष्ट मिळाले. आकडा लहान वाटेल, पण आपली सगळी तूटच दोनशेची आहे, तिचा हा तिसरा हिस्सा. मनगटावरचं घड्याळ सांगतं त्या कॅलरी ‘मिळाल्या’ म्हणून खाऊ नयेत. ती घड्याळं बहुधा जास्तच सांगतात.

सिंहगडाचा हिशेब हौसेनं केला. पायथ्याच्या आतकरवाडीतून वर जाताना साधारण ५८० मीटर चढ. ६१ किलो तेवढं उचलायला ८३ कॅलरींचं काम होतं आणि स्नायू पंचवीस टक्केच कामाला लावतात, म्हणून खर्च सव्वातीनशे-साडेतीनशे. वर एक प्लेट कांदाभजी, चाळीस ग्रॅम बेसन आणि मुरलेलं पंधरा-वीस ग्रॅम तेल, तेवढ्याचीच. गड चढावा, तो छातीसाठी, गुडघ्यांसाठी आणि वरच्या वाऱ्यासाठी चढावा. तिथे झुणका-भाकर खायची ती रविवारच्या जेवणात धरून खावी.

आठवड्यातून तीनदा वजनाचे व्यायाम दहाव्या आठवड्यात सुरू केले: खुर्चीवरून हात न टेकता उठणं, भिंतीवर पुशअप्स, दोन पाण्याच्या बाटल्या घेऊन खेचणं. पहिले दोन आठवडे सरासरी ३००-४०० ग्रॅम वर गेली, कारण दुखऱ्या स्नायूंत पाणी साठतं. हे आधी माहीत नसेल तर व्यायाम बंद होतो.

मधे श्रावण आणि गणपती आले. उपासाची साबुदाण्याची खिचडी मोजून पाहिली: साबुदाणा ७५ ग्रॅम, कूट ३०, तूप १०, थोडा बटाटा. साडेपाचशेच्या वर, आणि प्रथिनं जेमतेम आठ, तीही दाण्यांची. उपास करायचा तर वरीचे तांदूळ, दही आणि राजगिरा बरा. उकडीचा मोदक १५० आणि वरचं चमचाभर तूप ४५. दोन मोदक, वरण, एक भाजी, भात नाही, असं ताट घेतलं. पुरणपोळी तुपासह पावणेचारशेची. ती एक, मनापासून. सणाच्या दिवशी अठराशे झाले तर त्या आठवड्याची तूट एक तृतीयांशानं कमी होते. दुसऱ्या दिवशी उपाशी राहून ती वसूल करायची नाही, कारण तिसऱ्या दिवशी हात डब्यात जातो.

अठराव्या आठवड्यापर्यंत ५८.२ झालं आणि वेग पुन्हा मंदावला. या वेळी कारण वेगळं होतं. ५८ किलोला सूत्राचं उत्तर १३७० येतं, सुरुवातीपेक्षा ३६ कमी. चालायलाही किलोमागेच लागतं, म्हणून तोही खर्च उतरतो. बाटली मात्र तीच चुगली करत होती: सोळा दिवस टिकणारी पिशवी चौदाव्या दिवशी संपली. खाणं कमी करण्याऐवजी दोन आठवडे मुद्दाम १४०० वर राहिले, शंभर-दीडशे जास्तीचे भात आणि फळांतून. वजन ३०० ग्रॅम वाढून तिथेच थांबलं. झोप सुधारली, संध्याकाळची चिडचिड गेली, आणि परत १२५० वर येताना जड गेलं नाही.

सव्विसाव्या आठवड्याची सरासरी ५७.०, कंबर ८३. दीडशे सेंटीमीटरला बीएमआय (उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा) २५ म्हणजे ५६.२५ किलो आणि २३ म्हणजे पावणेबावन्न. माझं पुढचं लक्ष्य ५५, आणि सध्याच्या वेगानं त्याला तीन महिने लागतील. ५५ ला बैठा खर्च १३३० च्या आसपास येईल, तेव्हा खाणं १२५० च ठेवून रोज आणखी दोन किलोमीटर चालावं लागेल; ती वेळ दुपारच्या चहाच्या आधीची काढून ठेवली आहे. लाट्या आता मोजत नाही, डाळही हातानंच घेते. तेलाच्या बाटलीवर मात्र तारीख टाकते. सध्याची पिशवी ३ तारखेला फोडली आहे, १९ च्या आधी संपायला नको.